१,२०० जणांना सर्व्हे मेल केला, ४१ उत्तरं आली: आता काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव नोंदवलेल्या १,२०० जणांना २२ प्रश्नांचा गूगल फॉर्म मेल केला, दहा दिवसांत ४१ उत्तरं आली, बहुतेक 'खूप छान' म्हणणारी. उत्तरं वाढवायची कशी, आणि मेलमध्येच बटण दाबून मत देता येईल असा पोल करता येतो का?

मी बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी त्या ४१ जणांबद्दल. ४१ उत्तरं कमी आहेत याची मला तेवढी चिंता वाटत नाही. ती कुणाची आहेत, याची वाटते. सर्व्हेचा मेल आल्याआल्या कोण भरतं? ज्याला अभ्यासक्रम मनापासून आवडला तो, नाहीतर जो मनातून चिडलेला आहे तो. तिसऱ्या धड्यानंतर ज्याने लॉगिनच केलं नाही, तो तुमचा मेल उघडेल कशाला? आणि तुम्हाला ऐकायचंय ते नेमकं त्याच्याचकडून.

नुसता आकडा वाढवून हे सुटत नाही. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी जवळजवळ १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या होत्या. २० लाखांहून जास्त भरून परत आल्या. त्यावरून त्यांनी सांगितलं, रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार लँडन निवडून येणार. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदणीतून, तेही मंदीच्या काळात, म्हणजे यादीत पैसेवालेच जास्त. शिवाय मतपत्रिका भरून पाठवण्याची तसदी घेणाऱ्यांमध्ये रूझवेल्ट यांच्यावर नाराज असलेलेच जास्त होते. त्याच वर्षी जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुना घेऊन निकाल बरोबर सांगितला. २० लाख उत्तरं चुकीची ठरू शकतात, तर ४१ ची ४०० करून तुमच्या हाती काय लागणार?

म्हणून तोच फॉर्म सगळ्यांना पुन्हा पाठवू नका. यादीचे तीन गट करा: अभ्यासक्रम पूर्ण केलेले, अर्ध्यात सोडलेले, सुरूच न केलेले. प्रत्येक गटातून ५० जण चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडा, ओळखीचे किंवा उत्साही बघून नको. या १५० जणांना तुमच्या स्वतःच्या नावाने, दोन-चार ओळींचा साधा मेल लिहा. बॅनर नको, लोगो नको. उत्तर नाही आलं तर चार दिवसांनी आठवण करा, मग आणखी एकदा, दरवेळी मजकूर बदलून आणि वेगळ्या वेळी. तिसऱ्यानंतर थांबा. १५० पैकी ७० जणांनी उत्तर दिलं तर १,२०० पैकी १०० पेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवेन. पहिल्याच मेलला आलेली उत्तरं आणि दुसऱ्या आठवणीनंतर आलेली उत्तरं शेजारी ठेवून बघा. उशिरा येणाऱ्यांचा सूर वेगळा निघाला, तर जे अजून गप्प आहेत त्यांचा सूरही तिकडेच झुकलेला असण्याची शक्यता मोठी. तिन्ही गटांचे आकडे मात्र एकत्र मिसळू नका. गट मुळात लहान-मोठे आहेत, आणि तुम्ही प्रत्येकातून ५० च घेतलेत.

आता प्रश्नांकडे. २२ फार झाले. प्रत्येक प्रश्नापुढे लिहा: उत्तर 'वाईट' आलं तर आपण काय बदलणार? जिथे लिहायला काहीच सुचत नाही तो प्रश्न काढा. माझ्या अंदाजाने सहा-सात उरतील. "शिकवण्याची पद्धत आणि दिलेलं साहित्य किती उपयुक्त वाटलं?" हे दोन प्रश्न आहेत. शिकवणं आवडलं पण नोट्स टाकाऊ होत्या, त्याने कुठला आकडा निवडायचा? "अभ्यासक्रम किती आवडला?" यात आवडला हे तुम्ही आधीच धरून चाललात. सोडून गेलेल्यांना मी दोनच प्रश्न विचारतो: "शेवटचा धडा कोणता पाहिलात? त्यानंतर काय झालं?" एकदा यावर एकाने लिहिलं होतं, "चौथ्या धड्याचा व्हिडिओ फोनवर मोठा होत नाही, फळ्यावरचं दिसत नव्हतं. नंतर बघू म्हटलं, राहूनच गेलं." पाचपैकी तीन तारे दिले असते त्याने, आणि ही गोष्ट आम्हाला कधीच कळली नसती.

मेलमधल्या पोलबद्दल. मेलच्या आत खराखुरा फॉर्म टाकला तर बरीच मेल ॲप्स तो चालू देत नाहीत. जीमेलमध्ये २०१९ पासून एएमपी नावाची सोय आहे, तिने मेलमध्येच उत्तर भरता येतं, पण त्यासाठी पाठवणाऱ्याला गूगलकडे नोंदणी करावी लागते आणि सगळ्या ॲप्समध्ये ती चालत नाही. एरवी 'एका क्लिकवर मत' म्हणून जे दिसतं त्या बटणासारख्या दिसणाऱ्या लिंका असतात, प्रत्येक पर्यायाला एक.

यात एक मोठा धोका आहे. एकदा बैठकीची वेळ ठरवायला मी अशा तीन लिंकांचा मेल पाठवला. मिनिटभरात धडाधड मतं पडायला लागली. नीट पाहिलं तर एकाच कंपनीच्या पत्त्यांवरून, एकेका माणसाची तिन्ही पर्यायांना मतं, सगळी काही सेकंदांच्या आत. त्या कंपनीची सुरक्षा यंत्रणा आलेल्या मेलमधली प्रत्येक लिंक स्वतः उघडून तपासत होती आणि माझं टूल ते मत म्हणून मोजत होतं. तेव्हापासून मी क्लिकला मत मानत नाही. लिंक उघडल्यावर निवडलेला पर्याय आधीच भरलेला दिसतो आणि खाली 'पाठवा' दाबावं लागतं. ते दाबलं तरच मत. गूगल फॉर्ममध्ये आधीच उत्तर भरलेली लिंक तयार करता येते, प्रत्येक पर्यायासाठी एकेक काढून ठेवा.

'किती जणांनी मेल उघडला' या आकड्यावरही विसंबू नका. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये अशी सोय आहे की माणसाने मेल उघडला नाही तरी उघडल्याची नोंद पडू शकते.

मेल स्पॅममध्ये जात नाही ना, तेही तपासा. तुमच्या डोमेनचं एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या तांत्रिक नोंदी) नीट लावून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबत कडक झालेत. 'नो-रिप्लाय', म्हणजे उत्तर न स्वीकारणारा पत्ता तर अजिबात नको. काही जण फॉर्म भरणार नाहीत, पण त्याच मेलला चार ओळींचं उत्तर टाकतील, आणि ते बहुधा सगळ्यात कामाचं असेल.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. कुणी उत्तर दिलं नाही हे कळावं म्हणून प्रत्येकाला वेगळी लिंक दिलीत, तर मेलमध्ये 'सर्व्हे निनावी आहे' असं लिहू नका. तुम्हाला नाव कळतंय. 'उत्तरं फक्त आम्ही दोघं वाचू, नावासकट कुठेही देणार नाही' असं लिहा आणि तसंच वागा. विश्वासाने मोकळेपणी लिहिलेलं उत्तर शिक्षकापर्यंत नावासकट पोचलेलं मी पाहिलंय. ज्याने लिहिलं होतं त्याने पुढे कुठल्याच सर्व्हेला उत्तर दिलं नाही.

उत्तरं वाचून झाली की महिन्याभरात सगळ्या १,२०० जणांना मेल करा: तुम्ही हे सांगितलंत, आम्ही हे बदललं, हे आत्ता जमणार नाही आणि का. ज्या ४१ जणांनी वेळ काढून २२ प्रश्न भरले, त्यांना आजच आभाराच्या दोन ओळी पाठवा. त्यांनी काय लिहिलंय ते सावकाश वाचा, मग २२ मधले कोणते प्रश्न ठेवायचे ते ठरवा. अडलात तर यादी इथेच टाका, एकेक प्रश्न बघू.