गोव्याच्या गावकरीत शेतकरी स्त्रियांना वाटा होता का?

थोडक्यात सांगायचे तर, श्रमात होता, पण गावकार, म्हणजे या संस्थेचा हक्कदार सभासद, म्हणून हक्कात नव्हता. गावची जमीन सामाईक धरणारी गावकरी ही संस्था पोर्तुगीजांच्या आधीची. तिच्या चालीरीती १५२६ च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, नोंदल्या गेल्या आणि पुढे तिला कोमुनिदाद हे नाव पडले. गावकारपण बापाकडून मुलाकडे जाई, आणि उत्पन्नातला वार्षिक वाटा, म्हणजे जोण, परंपरेने पुरुष वंशजांनाच मिळे. गंमत अशी की खासगी मालमत्तेत पोर्तुगीज नागरी कायद्याने मुलीलाही मुलाइतकाच वाटा दिला होता, परंतु जोणीच्या यादीत तिला जागा नव्हती.

आता खाजनाचे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल जमिनीचे, शेत पाहा. भरतीचे खारे पाणी बांध अडवतो, आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, दारे ओहोटीला उघडून आतले पाणी खाडीत सोडतात, तर भरतीला पाण्याच्या दाबानेच मिटतात. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले की कोरगुटासारखे खारेपण सोसणारे भात तिथे लावतात. पाठीवर इरले घेऊन, पोटरीभर चिखलात दिवसभर वाकून तरवा लावणे, पुढे निंदणी आणि कापणी, ही कामे मुख्यतः स्त्रियांची, त्यातही गावडा-कुणबी समाजातल्या स्त्रियांची. यांतल्या बहुतेक घरांना गावकारपणाचा हक्कच नव्हता, त्यामुळे या स्त्रिया बाई म्हणून आणि घराण्यामुळे, अशा दोन्हीकडून बाहेर राहिल्या.

१९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले खरे. मात्र कागदावर कूळ म्हणून नाव सहसा घरच्या कर्त्या पुरुषाचेच लागले.