सात वर्षांच्या मुलीचा जबाब कोर्टात टिकतो का?

शेजाऱ्याने लैंगिक छळ केल्याचं तुमच्या भाचीने आईला सांगितलं आणि ओळखीचे वकील म्हणाले, "पोरं पढवता येतात, असा जबाब टिकत नाही." हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. बालकल्याण समितीने नेमलेली सहाय्यक व्यक्ती म्हणून मी नाशिकमध्ये अशा मुलांसोबत जबाबाला आणि कोर्टात जाते. माझं मत असं की भाची सात वर्षांची आहे हा मुद्दाच नाही. तिला कुणी आणि कसं विचारलं, यावर सगळं ठरतं.

वकिलांच्या बोलण्यात तथ्य आहे. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीत मुलांच्या लैंगिक छळाचे आरोप झाले. त्या प्रकरणात, १९८३ नंतर, मुलांच्या हाती बाहुल्या देऊन "बाकीच्यांनी सांगितलं, तूही सांग" अशी गळ घातली गेली. १९९० पर्यंत खटले चालले, दोषी कुणीच ठरलं नाही. खरं काय घडलं, हे शोधायची वाटच त्या प्रश्नांनी बुजवली.

पण विचारायची चांगली पद्धतही आहे. मी पाहिलेल्या एका मुलाखतीत प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी आधी रंगपंचमीचा विषय काढला. पोरगा बाबांच्या खांद्यावरून पाहिलेल्या रहाडीबद्दल, म्हणजे नाशिकमधल्या रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदाबद्दल, भडाभडा बोलला. ताई फक्त "मग काय झालं?" एवढंच म्हणत होत्या. "माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, माझं चुकलं तर मला सांग," हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मुख्य विषयावर आल्यावर तो त्याच लयीत, स्वतःच्या शब्दांत बोलला. "त्यांनी हात लावला का?" असं विचारलं असतं तर नुसती मान हलली असती, आणि त्या मानेवर उलटतपासणीत सहज बोट ठेवता येतं.

पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याचं, कलम २५ मॅजिस्ट्रेटला सांगतं की मूल बोलेल तसंच लिहायचं. पोलिसांकडून हे निसटताना मी पाहिलंय. एक मुलगी "शूची जागा" म्हणाली आणि कागदावर "अश्लील कृत्य केले" असं उतरलं. पुढे कोर्टात तिला त्या शब्दाचा अर्थ विचारला. तिला कुठून येणार? ती गप्प बसली. ती गप्प बसलेली मला अजून दिसते.

म्हणून आता घरात कुणीही तिला परत विचारू नका. आजी, मामा, शेजारी, कुणीही नाही. तोच प्रश्न पुन्हा आला की मुलाला वाटतं, आपलं उत्तर चुकलं, आणि ते बदलतं. ती पहिल्यांदा आईला जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह आईने आजच वहीत लिहून ठेवावं. पोलिसांना कळवणं कलम १९ नुसार बंधनकारक आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही मदत मिळते. जबाब घरीही घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते आणि ती गणवेशात नसते. व्हिडिओ रेकॉर्डिंग करा, असा आग्रह धरा.

जबाबाच्या दिवशी तिचं पोट भरलेलं असू द्या, आणि वाटेत या विषयावर एक शब्दही काढू नका.