उपयोजित संशोधनाचा शाळा, शेती आणि लघुउद्योगांना प्रत्यक्ष उपयोग होतो का?

होतो, मात्र प्रश्न नेमका विचारला तरच. पश्चिम केनियातील अनेक शेतकरी खताचा फायदा ठाऊक असूनही ते विकत घेत नसत. एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर व जोनाथन रॉबिन्सन या अर्थतज्ज्ञांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, सुगी संपताच, म्हणजे हातात पैसा खुळखुळत असतानाच, पैसे आगाऊ घेऊन खत मोफत घरपोच देण्याची सोय केल्यास वापर वाढतो. शिक्षणात ‘प्रथम’ संस्थेने इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार मुलांचे गट केल्यावर वाचन सुधारल्याचे आढळले. सूक्ष्मकर्जाचा, म्हणजे गरिबांना दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जांचा, गाजावाजा मात्र, माझ्या मते, अवाजवी होता: हैदराबादेत अशा कर्जांवर झालेल्या अभ्यासात आधीपासून चालणारे काही धंदे वाढले, पण राहणीमानाची खूण मानला जाणारा कुटुंबांचा सरासरी खर्च लक्षणीय वाढला नाही.