माझाच विश्वास कमी पडला का?

मी समुपदेशक आहे. माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांकडून एक प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता तो येणार, हे आधीच कळतं. आजारपण असो, कर्ज असो, मोडलेलं लग्न असो की मूल गमावल्याचं दुःख, सगळं सांगून झालं, डोळे पुसून झाले की आवाज खाली येतो आणि विचारलं जातं, “माझाच विश्वास कमी पडला का हो?” संकट एकीकडे आणि ते टळत नाही याची अपराधी टोचणी दुसरीकडे. माझ्या अनुभवात माणूस मोडतो तो बहुतेकदा या टोचणीने. म्हणून मी कामाला तिथूनच हात घालते.

एका बाईंची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई पंचेचाळिशीच्या, शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या बायबल वर्गात, मुलांना शिकवणाऱ्या. नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, शब्द अडखळू लागले. त्याचा व्यवसाय बंद पडला, कर्जाचे हप्ते थकले. कॉलेजात जाणारा मुलगा घरात असून नसल्यासारखा. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक सुरुवातीला रोज प्रार्थनेला यायचे, मग आठवड्याने, मग नुसतेच मेसेज. त्यातल्या एकाने निघताना दारात सांगितलं, “घरात कबूल न केलेलं पाप असेल, तर ते शोधा.” बाई शोधत बसल्या. जुनी भांडणं, लग्नाआधीच्या गोष्टी, सासूला कधीतरी उलटून बोललेलं एक वाक्य. उपास वाढवले, पहाटेची प्रार्थना आणखी अलीकडे आणली, झोप संपली.

“मॅडम, मोहरीएवढासुद्धा विश्वास नाही का माझ्यात?”

“मोहरी केवढी असते, ताई?”

“एवढीशी.”

“विश्वास मोठा हवा असंच सांगायचं असतं, तर येशूने एवढीशी वस्तू निवडली असती?”

त्या गप्प राहिल्या. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तरी डोंगर हलेल, असं येशू म्हणाला होता. थोडासा विश्वासही पुरतो हे सांगण्यासाठी आलेला दाखला आपण माणसं मोजायला वापरतो, हे मी फार घरांत पाहिलं आहे. पापाच्या शोधाचंही तेच. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशू दोन्ही नाकारतो. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ नुसते बसले होते, तोवर ठीक होतं. तोंड उघडून कारणं सांगू लागले आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला त्यांनीच. हे सगळं बाईंना पाठ होतं. स्वतःला लावून पाहायचं राहिलं होतं.

मधल्या काही भेटी व्यवहारात गेल्या, त्या थोडक्यात सांगते. फिजिओथेरपी बंद होती, कारण कोणीतरी म्हणालं होतं, व्यायामावर भिस्त ठेवणं म्हणजे देवावर शंका घेणं. मी त्यांना बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला हिज्कीया राजा वाचायला सांगितला. राजा मरणाच्या दारात, त्याने रडून प्रार्थना केली, देवाने आयुष्याची 15 वर्षं वाढवून दिली. आणि तरीही यशया संदेष्टा सांगतो, अंजिरांची ढेप आणा आणि गळवावर बांधा. प्रार्थना ऐकली गेल्यानंतरचं औषध आहे ते. पक्षाघातात पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, त्यामुळे या मुद्द्यावर मी जरा कडकच बोलले. व्यायाम पुन्हा सुरू झाला. बाईंनाही मी डॉक्टरांकडे पाठवलं, उपास थांबवायला लावले.

मग एके दिवशी, घड्याळाकडे बघत, जवळजवळ पुटपुटत त्या म्हणाल्या, “मी चिडलेय. देवावर.” आणि लगेच, “क्षमा कर, प्रभू.”

“क्षमा नंतर मागा. आधी चिडा.”

“असं देवाशी बोलतात?”

मी बायबलमधलं 88वं स्तोत्र उघडून दिलं, मोठ्याने वाचा म्हटलं. 150 स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास विलापाची आहेत, पण आपल्या उपासनेत त्यांतली फारच थोडी वाचली जातात. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. बाईंनी वाचलं, पान उलटलं, पुन्हा मागे आल्या.

“पुढचं कुठंय?”

“एवढंच आहे.”

“मग हे शास्त्रात ठेवलं कशाला?”

“तुम्हीच सांगा.”

बराच वेळ गेला. “असं बोलणाराही त्याचाच असतो म्हणून?” त्या दिवशी त्या हुंदके देऊन रडल्या. तक्रार ही प्रार्थनाच असते, असं मी मानते. ज्याच्याशी नातं तुटलंय, त्याच्याकडे माणूस गाऱ्हाणं घेऊन जात नाही.

पण खरा बांध फुटला तो त्यानंतर, मुलांच्या गोष्टीतून. मी विचारलं, शब्बाथ शाळेत तुमची सगळ्यात रंगणारी गोष्ट कोणती? त्यांचा चेहरा खुलला. “छप्पर उघडून बाज खाली सोडतात ती! मुलं छप्पर उसकटायला टपलेलीच असतात.” मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला, कफर्णहूमचा तो पक्षाघाती माणूस. घरी पक्षाघाताचा रुग्ण आल्यापासून मात्र त्यांनी ती गोष्ट सांगितली नव्हती. ऐकवत नव्हती, म्हणाल्या. तो बरा होऊन बाज उचलून चालू लागतो ना.

“आज मला सांगा. मी पहिलीतली मुलगी.”

हसल्या, आणि सांगू लागल्या. दाराशी गर्दी, चौघं वर चढतात, छप्पर उसकटतात, बाज खाली सोडतात. “मग येशू त्यांचा विश्वास पाहून त्या माणसाला...”

“कोणाचा विश्वास?”

“त्यांचा. त्या चौघांचा.”

“आणि बाजेवर होता त्याचा किती होता?”

“ते लिहिलेलंच नाही.” थांबल्या. इतकी वर्षं चित्रं दाखवून शिकवलेली गोष्ट त्या जणू पहिल्यांदा ऐकत होत्या.

“ताई, तुमच्या घरी बाज कोणी धरली आहे?”

“मी.”

“चारही कोपरे?”

उत्तर आलं नाही. मी विचारलं, “आणि बाजेवर कोण आहे?” त्या नवऱ्याचं नाव घेणार होत्या, ओठ हललेसुद्धा. मग म्हणाल्या, “मीच आहे हो. मीच पडलेय, आणि मीच उचलायला बघतेय.”

समुपदेशकाच्या वाट्याला अशी वाक्यं कमी येतात. मी पुढे काही बोलले नाही, आणि ते बरोबरच होतं असं आजही वाटतं.

विश्वास ही प्रत्येकाने एकट्याने भरायची रक्कम आहे असं आपण धरून चालतो. शास्त्रात तो बऱ्याचदा दुसऱ्याच्या वतीनेही धरला जातो. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे देवाला स्पष्ट सांगतो, एवढ्या लोकांचा भार मला एकट्याला झेपत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक. देव त्याला विश्वास वाढव म्हणत नाही, 70 वडील जमव म्हणतो. माझं सगळं काम याच धाग्यावर चालतं: माणूस सावरतो तो नात्यांत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी विचारायला सांगते, समोरच्याच्या बाजेला हात लावणारं कोण आहे?

बाईंनी वहीत चार कोपरे काढले. पहिल्यावर नणंद, जी मदत करते म्हणाली होती आणि जिला यांनीच नको म्हटलं होतं. दुसऱ्यावर पाळकांच्या पत्नी. तिसऱ्यावर हिशेब जाणणारा मंडळीतला एक पंच, जो यांच्याबरोबर बँकेत गेला आणि हप्ते लांबवून मागितले. चौथा कोपरा दोन आठवडे रिकामा होता. मग त्यांनी मुलाला, रागावून नव्हे तर विनवून, सांगितलं, “मला एकटीला जमत नाहीये रे.” तो संध्याकाळचा व्यायाम करून घेऊ लागला. त्याला घरातून पळायचं नव्हतं. करायचं काय, ते कोणी सांगितलंच नव्हतं.

नवरा आज काठी घेऊन घरात चालतो. उजवा हात फारसा सुधारला नाही, कर्ज फिटायला काही वर्षं लागतील. प्रार्थना बदलली आहे. पूर्वी “पूर्ण बरं कर” एवढीच होती. आता रोजची भाकर आज मागतात, आणि कधी कधी भांडतातही. “आता मोजत नाही,” असं त्या विश्वासाबद्दल म्हणाल्या.

हाच प्रश्न घेऊन बसलेल्यांना माझं सांगणं असं. विश्वास किती आहे हे तपासायचं सोडा, मदतीला कोण कोण आहे ते तपासा. ज्या प्रार्थना तोंडातून निघत नाहीत, त्या काही दिवस दुसऱ्याला करू द्या. तुम्ही फक्त जवळ बसा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. मरून जावंसं वाटत असेल तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका. मोशे, एलीया, ईयोब, योना, चौघांनीही मरण मागितलं होतं. देवाने त्यांतल्या एकालाही झिडकारलं नाही.

आणि प्रार्थनेसाठी घरोघरी जाणाऱ्यांना एक विनंती. “काही लागलं तर कळवा” म्हणू नका. बुडणाऱ्याला काय लागतं ते सुचत नाही. मंगळवारी चार ते सहा मी रुग्णाजवळ बसते, तुम्ही झोपा, असं सांगा. आणि मंगळवारी चारला जा.