जांघेतली खाज आणि एचआयव्हीची भीती

"मॅडम, जांघेत खाज सुटते, काही केल्या जात नाहीये, मला एचआयव्ही झाला असेल का?"

मी आयसीटीसीत काउन्सेलर आहे, म्हणजे सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन जिथे फुकट होतं ते केंद्र. हा प्रश्न आमच्याकडे इतक्या वेळा येतो की समोरच्याने दार लोटून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली की मला आधीच कळतं आता काय येणार आहे. विचारणारे बहुतेक विशी-तिशीतले पुरुष, आणि बहुतेकांच्या खाजेचा एचआयव्हीशी काडीचा संबंध नसतो. पण "काही नाही हो, घाबरू नका" एवढ्याने कुणाचं समाधान होत नाही, कारण खाज तर आहेच ना, ती कुठे जाते. म्हणून एक केस नीट सांगते. माणूस ओळखू येईल असं सगळं बदललंय, आजाराचं मात्र आहे तसंच ठेवलंय.

मुलगा मराठवाड्यातला, वय चोवीस, चाकणला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. एका खोलीत सहा जण, त्यात शिफ्टवाले, म्हणजे एक जण रात्रपाळीला गेला की त्याच्याच गादीवर दुसरा झोपणार. साखरपुडा झालेला, लग्न तीन-चार महिन्यांवर. तो आला तेव्हा त्याच्या हातात दोन वेगवेगळ्या प्रायव्हेट लॅबचे एचआयव्हीचे रिपोर्ट होते, दोन्ही निगेटिव्ह, आणि तरी त्याला तिसऱ्यांदा करायची होती. म्हणे लॅबवाले चुकतात, सरकारी मशीन चांगली असते.

हळूहळू बोलता बोलता बाहेर आलं की दीड वर्षापूर्वी मित्रांच्या नादाने एकदा लॉजवर गेला होता. एकदाच. नंतर सात-आठ महिन्यांनी जांघेत लाल चट्टा उठला आणि त्याने ते दोन्ही आपणच जोडून टाकलं. "ते त्याचंच फळ आहे मॅडम." तेव्हापासून वांगं बंद, अंडी बंद, मासे बंद, अंगात उष्णता वाढते म्हणून चहा बंद, दिवसातून तीनदा जंतुनाशक टाकून आंघोळ, आणि होणाऱ्या बायकोचा फोन आला की दोन मिनिटांत ठेवून द्यायचा. ती बिचारी समजतेय याला मी आवडले नाही.

तपासणी केली, एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही. निगेटिव्ह. त्याला सांगितलं की विंडो पिरियड, म्हणजे लागण झाली तरी टेस्टमध्ये दिसत नाही तो काळ, तीन महिन्यांचा धरतात, तुझं दीड वर्ष उलटलंय आणि नंतर तसा संबंध नाही, त्यामुळे चौथी टेस्ट करायची काही गरज नाही. मान हलवली पण डोळ्यात काही उतरलं नाही. आमच्या कामात हे नेहमीचं आहे, मनात अपराधीपणा बसला की माणूस आजार शोधतच राहतो, आणि निगेटिव्ह रिपोर्ट त्याला सुटका वाटत नाही, फसवणूक वाटते. अशा वेळी रिपोर्टवर वाद घालण्यात अर्थ नसतो, आधी खाजेचं खरं नाव शोधायचं, लॉजचं नंतर बोलता येतं.

मी डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नाही, पण प्रश्न विचारणं माझंच काम आहे. चट्टा सुरू कसा झाला? म्हणाला, रुपयाएवढा होता, कडा लाल, जराशी उंच, त्यावर बारीक खपल्या, मधला भाग बरा झाल्यासारखा, आणि गोल वाढतच गेला. आता जांघेतून मांडीवर, मागे कुल्ल्यावर आणि कमरेला पट्ट्याच्या रेघेत. अंडकोशाच्या कातडीवर? तिथे काही नाही. घाम आला, टाइट जीन्स घातली की जास्त. जखम, फोड, लघवीच्या जागेतून पू, जांघेत गाठ, यातलं काहीच नाही. म्हणजे लैंगिक आजारात आम्ही जे जे विचारतो त्यातलं एकही नाही, आणि जे आहे ते सगळं गजकर्णाचं. नायटा म्हणा, रिंगवर्म म्हणा, आहे बुरशीच, नावात वर्म असलं तरी किडा-बिडा काही नसतो. ही बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरावर जगते, ओलसर घडी तिला आवडते, आणि अंडकोशाची कातडी ती सहसा सोडते. एखाद्याला तिथेही खाज आणि लाली असेल तर डॉक्टर दुसऱ्या गोष्टींचाही विचार करतात, उदाहरणार्थ कॅन्डिडा नावाची यीस्ट, आणि पुरुषाला पुढच्या कातडीखाली ती वारंवार होत असेल तर पहिली शुगर तपासावी, आमच्याकडे कित्येकांचा डायबेटीस असाच सापडलाय.

मग विचारलं, लावतोस काय? थोडा लाजला आणि बॅगेतून एक पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब काढली. खोक्याच्या मागचं बारीक अक्षरातलं वाचलं तर क्लोबेटासोल, एक बुरशीचं औषध आणि एक अँटिबायोटिक, सगळं एकात. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली, "दोन दिवसांत फरक पडेल" म्हणून. आणि पडला ना फरक, तोच तर घोळ आहे. क्लोबेटासोल म्हणजे खूप तीव्र स्टेरॉइड. खाज आणि लाली ही आपल्याच शरीराची बुरशीशी चाललेली मारामारी असते, स्टेरॉइड म्हणजे चोर पकडायला आलेल्या पोलिसांनाच घरी पाठवणं, गल्लीत शांतता होते पण चोर मोकाट. मलम थांबवलं की दुप्पट उसळतं, मग पुन्हा तीच ट्यूब. त्यात गोल कडा पुसट होते, चट्टा गजकर्णासारखा दिसतच नाही, आणि सगळ्यांचाच अंदाज चुकायला लागतो. याच्या जांघेत तर पांढरट-जांभळ्या भेगांसारख्या रेघा पडल्या होत्या, बायकांना बाळंतपणानंतर पोटावर पडतात तशाच, त्या पूर्ण जात नाहीत. तो म्हणत होता एचआयव्हीने कातडी फाटायला लागली. खरं तर ती ट्यूबने फाटली होती. २०१८ साली सरकारने असली स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, शेड्यूल एच मध्ये टाकली, तरी काउंटरवर कशी मिळतात ते तुम्हाला-मला माहितीच आहे. खोकं उलटून वाचायची सवय लावा, क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन असं काही दिसलं तर गजकर्णावर ते स्वतःच्या मनाने लावायचं नाही.

स्किन ओपीडीला पाठवलं. तिथे ब्लेडच्या कडेने चट्ट्याच्या काठावरच्या खपल्या काचेवर खरवडल्या, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघितलं, बुरशीचे धागे स्पष्ट दिसले. मी तिथल्या मॅडमना म्हटलं त्याला स्वतःच्या डोळ्याने बघू द्या. त्याने बघितलं आणि पहिल्यांदा चेहऱ्यावर काहीतरी हललं. तीन निगेटिव्ह रिपोर्टनी जे झालं नव्हतं ते एका पॉझिटिव्ह काचेने झालं. त्याला शिक्षा नाही, नाव हवं होतं.

औषध म्हणजे इट्राकोनॅझोलच्या गोळ्या जेवणानंतर आणि साधं बुरशीचं मलम, स्टेरॉइड नसलेलं, चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जागेपर्यंत. आणि आठवडे, दिवस नाही. गेल्या दहाएक वर्षांत आपल्याकडे गजकर्ण फार चिवट झालंय, पूर्वी टर्बिनाफिनने दोन-तीन आठवड्यांत जायचं, आता त्या औषधाला दाद न देणारी बुरशीची जात पसरलीय, तिला २०२० मध्ये जे शास्त्रीय नाव दिलं त्यात 'इंडोटिनी' आहे, आपल्या देशाचं नाव लागलंय, अभिमान वाटावा असं काही नाही. म्हणून दिसायचं बंद झालं तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवायचं. टॉवेल वेगळा, चड्ड्या उन्हात उलट्या करून वाळवायच्या, कपाटात ओलसर ठेवायच्या नाहीत. वांगं खा म्हटलं खुशाल.

महिन्या-दीड महिन्याने पोरगं परत आलं, चेहरा पुन्हा पडलेला. "मॅडम पुन्हा सुरू झालं. मी म्हटलं होतं ना, आतलाच आजार आहे."

चट्टे तर गेले होते. आता खाज वेगळी होती, आणि हे वेगळेपण त्याच्याकडून बोलवून घेणं हीच खरी मेहनत, कारण त्याच्यासाठी खाज म्हणजे खाज. कधी येते? रात्री, पांघरूण घेतलं की. दिवसा कामावर फारशी नाही. कुठे? बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, काखेत. आणि यावेळी अंडकोशावर आणि लिंगावर लालसर टणक गाठी, भयंकर खाजणाऱ्या. त्या गाठी बघूनच तो मेल्यात जमा झाला होता. मी एकच विचारलं, खोलीत अजून कोण खाजवतं? थोडा वेळ गप्प, मग म्हणाला, "तिघं तर खाजवतातच. रात्री नुसता खरखर आवाज असतो."

खरूज. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान किडा, मादी कातडीत बीळ करून अंडी घालते, नीट बघितलं तर बेचक्यात करडी वाकडी रेघ सापडते. पसरते मुख्यतः अंगाला अंग लागून, आणि एकाच गरम गादीवर पाळीपाळीने झोपणाऱ्यांना तर आमंत्रणच. पहिल्यांदा होते तेव्हा लागण झाल्यावर चार-सहा आठवडे खाजच येत नाही, त्यामुळे "मला काही होत नाही" म्हणणारा रूममेट ती वाटत फिरत असतो. खरूज शरीरसंबंधातूनही होऊ शकते हे खरं, ते मी लपवलं नाही, पण इथे तर गादीच समोर होती आणि लॉजला तर दीड वर्षाहून जास्त होऊन गेलं होतं.

यात औषध सोपं आणि माणसं अवघड. परमेथ्रिन पाच टक्क्यांचं क्रीम, मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, जांघेत, कुठेही सोडायचं नाही, रात्रभर ठेवून सकाळी धुवायचं आणि आठवड्याने पुन्हा. सगळ्यांनी एकाच दिवशी. आता सहा जणांत दोघं रात्रपाळीला, एक म्हणतो मी स्वच्छ माणूस आहे मला खरूज होईलच कशी, आणि एकाला वाटतं हे मालकाला कळलं तर खोली जाईल. शेवटी गुरुवार ठरवला, कंपनीला सुट्टी असते म्हणून, सहाही जणांना ओपीडीला बोलावलं, तपासून सगळ्यांना औषध दिलं. कपडे-चादरी गरम पाण्यात, आणि जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस बाजूला, अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. (घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर आधी डॉक्टरला सांगा, सगळी औषधं सगळ्यांना चालत नाहीत.) आणि एक गोष्ट मी दोनदा सांगितली, औषधाने किडे मेले तरी खाज दोन-चार आठवडे राहू शकते आणि त्या गाठी तर अजून जास्त, म्हणून औषध लागू पडलं नाही असं समजून रोज क्रीम थापू नका. आणि ती जुनी ट्यूब तर नकोच नको.

मधल्या काळात लॉजचंही बोलणं झालं. त्याला वाईट वाटत होतं ते वाटू दिलं, त्यावर पांघरूण घातलं नाही, कंडोमबद्दल सरळ बोललो. होणाऱ्या बायकोला काय सांगायचं हा त्याचा खरा प्रश्न होता. मी म्हटलं लॉजचं सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव, तुझे रिपोर्ट निगेटिव्ह आहेत, पण तू तिचे फोन का टाळत होतास हे तरी तिला सांग, कारण त्याचा अर्थ ती स्वतःवर घेतेय. कातडीचा आजार होता, औषध चालू होतं, लाज वाटत होती, एवढं तर खरंच आहे.

त्याने सांगितलं. ती हसायलाच लागली म्हणे. तिच्या आईला दोन वर्षांपासून कमरेला तसंच आहे, लुगड्याच्या निऱ्या खोचतात तिथे, आणि गावातल्या मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब घरात सगळेच लावतात. आता पुढच्या आठवड्यात सासूबाईंना घेऊन तोच येतोय ओपीडीला, मी त्याला म्हटलंय, येताना ट्यूबचं खोकं फेकू नका, सोबत आणा.