लॅपटॉपमध्ये मेमरी कार्ड टाकून स्टोरेज वाढवलं तर तो फास्ट चालेल का?

नाही चालणार. जागा वाढेल, वेग आहे तिथेच राहील. तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप जुना आहे, रॅम ४ जीबी आहे, सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीय आणि एका नातेवाइकांनी १२८ जीबीचं कार्ड घालायला सांगितलंय. हाच सल्ला आमच्या घरात माझ्या धाकट्या दिरांनी दिला होता आणि त्यापायी ऐन सीझनमध्ये माझं काम अडलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी पुण्यात घरून डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावायचं काम करते. एरवी पुस्तकं, स्मरणिका, आणि पावसाळा सरता सरता दिवाळी अंक. तेव्हा माझ्याकडे साधी हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम असलेला लॅपटॉप होता. इनडिझाइन (पानं लावायचं सॉफ्टवेअर) उघडायला घेतलं की शेजारी ब्राउझर उघडायची सोय नाही. भाऊजी म्हणाले, "वहिनी, जागा कमी पडतेय हो त्याला, बाकी काही नाही." मी म्हटलं, जागेचा प्रश्न नाही, डिस्कच हळू आहे. त्यांना पटलं नाही. मी प्रूफं द्यायला अप्पा बळवंत चौकात गेले होते, तेवढ्यात त्यांनी कार्ड आणून घातलं आणि माझं अंकाचं अख्खं फोल्डर त्यावर हलवून ठेवलं. कॉपी नाही, हलवलं.

त्या लॅपटॉपची कार्डाची खाच अशी होती की कार्ड पूर्ण आत जायचंच नाही, अर्धं बाहेर राहायचं. वेग तर वाढला नाहीच, फोटोंची पानं उघडायला उलट जास्त वेळ लागायला लागला. मग एका संध्याकाळी जाहिरातींचे फोटो असलेला पेन ड्राइव्ह लावताना कार्डाला हात लागला आणि ते निसटलं. परत घातलं तर ड्राइव्हचं अक्षर बदललेलं. इनडिझाइनच्या लिंक्सच्या पॅनलमध्ये, म्हणजे कुठला फोटो कुठून घेतलाय त्या यादीत, प्रत्येक फोटोपुढे लाल प्रश्नचिन्ह. लिंक्स पुन्हा जोडता येतात, ते मला येतं. पण उघडी असलेली मुख्य फाइल त्या झटक्यात खराब झाली, ती काही केल्या उघडेना. आदल्या रात्रीची प्रत मी स्वतःला मेल करून ठेवली होती म्हणून अंक वाचला. दिवसभराची पानं मात्र रात्री बसून पुन्हा लावली.

आता कारण सांगते. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि हेड हव्या त्या जागेवर सरकतं. लॅपटॉपच्या डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. विंडोज सुरू होताना असंख्य बारीक फाइली विखुरलेल्या ठिकाणांहून वाचतं, आणि अशी विखुरलेली वाचनं ही डिस्क सेकंदाला शंभरसुद्धा धड करू शकत नाही. त्यात रॅम ४ जीबी. ती भरली की विंडोज उरलेलं सामान त्याच डिस्कवर ठेवतं आणि तिथूनच परत उचलतं. टास्क मॅनेजरमध्ये (कोण किती राबतंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) डिस्क १०० टक्के दिसते ती यामुळे. तुम्ही कार्ड घातलंत तरी विंडोज त्याच डिस्कवर, प्रोग्रॅम त्याच डिस्कवर, रॅम तेवढीच. कार्ड या वाटेवर कुठे येतच नाही.

कार्डावर "क्लास १०" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ सलग लिहिण्याचा किमान वेग सेकंदाला १० एमबी. "ए१" छाप असेल तर सेकंदाला किमान १५०० विखुरलेली वाचनं आणि ५०० लिखाणं. साधा साटा एसएसडी (साटा जोडणीचा, फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारा ड्राइव्ह) सलग वाचनात सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जातो आणि विखुरलेली कामं हजारोंनी उरकतो. शिवाय बऱ्याच जुन्या लॅपटॉपचा कार्ड रीडर आतून यूएसबी २ या जुन्या, हळू जोडणीवरच असतो, तिथे महागातलं कार्डही रखडतं.

भाऊजींचा दुसरा मुद्दा रेडीबूस्ट, म्हणजे कार्ड किंवा पेन ड्राइव्ह लावून मशीनचा वेग वाढवायची विंडोजमधली सोय. "मायक्रोसॉफ्टनेच दिलंय ना?" दिलंय, २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर, जेव्हा ५१२ एमबी रॅमवर लोक मशीन ओढत होते. ते डिस्कवरच्या बारीक वाचनांची एक प्रत फ्लॅशवर ठेवतं, रॅम वाढवत नाही. एसएसडी असेल तर विंडोज स्वतःच सांगतं की याची गरज नाही.

अंक छापायला गेल्यावर मी तपकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. समोर बसून मागचं झाकण उघडून घेतलं, हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी आणि रॅम ८ जीबी. जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करायला लावली. मशीन सुरू झालं आणि इनडिझाइन, ब्राउझर, फाँटचं सॉफ्टवेअर सगळं एकदम उघडं ठेवून काम करता यायला लागलं. यावर भाऊजी आजही म्हणतात की विंडोज नवीन टाकल्यामुळे फरक पडला, एसएसडीमुळे नाही. नवीन टाकलंच नव्हतं! तेच विंडोज, तेच प्रोग्रॅम, डेस्कटॉपवरचा तोच पसारा. बदलली ती डिस्क आणि रॅम.

आता काही गोष्टी तुमच्यासाठी. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर फोटो, सिनेमे, जुनी पीडीएफ कार्डावर हलवून थोडा आराम पडतो, तो सी मोकळा झाल्यामुळे. स्वस्तातल्या काही लॅपटॉपमध्ये डिस्कऐवजी ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी नावाची स्टोरेज चिप बोर्डालाच सोल्डर केलेली असते, ती बदलता येत नाही. तिथे कार्ड घालण्यात अर्थ आहे, फक्त चालू काम त्यावर ठेवू नका. कार्ड ओळखीच्या दुकानातून बिलासकट घ्या आणि एचटूटेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. १२८ लिहिलेलं आणि आत भलतंच, असा माल मिळतो. काही मॉडेलमध्ये रॅमही सोल्डर केलेली असते, मॉडेल नंबर बघून मगच पैसे ठरवा. जुनी डिस्क दुकानदाराकडे सोडू नका, यूएसबीच्या केसमध्ये घालून बॅकअपला वापरा. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा तुमचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालतो का तेही खर्च करण्याआधी बघा.

नातेवाईक तरीही कार्डावर अडून बसले, तर त्यांना शेजारी बसवा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि नेहमीचे प्रोग्रॅम एकेक करून चालू करा. डिस्क आणि मेमरीचे आकडे त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा.