सेवाशर्ती उचलू नका, आधी स्वतःचा व्यवहार कागदावर मांडा

तुमचा प्रश्न असा की, एखाद्या मोठ्या कंपनीच्या सेवाशर्ती (म्हणजे वेबसाइटवरची सेवा वापरण्याच्या अटी) घेऊन नाव तेवढं बदललं आणि आपल्या वेबसाइटच्या पानाच्या तळाशी लिंक दिली, तर भागेल का? नाही भागणार.

आधी लिंकचं बघू, कारण खरी गफलत तिथेच होते. बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीने प्रत्येक पानाच्या तळाशी शर्तींची लिंक दिली होती, अगदी पैसे भरायच्या बटणाजवळसुद्धा. तरीही २०१४ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने त्या शर्ती ग्राहकावर बंधनकारक धरल्या नाहीत. लिंक दिसत होती, पण शर्ती मान्य असल्याचं ग्राहकाकडून कुठेच वदवून घेतलं नव्हतं. म्हणून खातं उघडताना किंवा ऑर्डर देताना रिकामी चौकट ठेवा आणि ग्राहकालाच टिक करू द्या. आधीच टिक केलेली चौकट नको. कोणी, कधी, कोणती आवृत्ती मान्य केली याची नोंद सर्व्हरवर जपा. ही नोंद नसेल तर उत्तम मसुदाही वेळेला उपयोगी पडत नाही.

आता मजकूर. मीही एकदा उसना मसुदा वापरला होता. त्यात तीस दिवसांत पैसे परत करण्याचं कलम होतं, आमच्याकडे तशी सोयच नव्हती. एका ग्राहकाने नेमकं तेच दाखवलं. त्याचं बरोबर होतं, आम्ही पैसे परत केले. तेव्हापासून मी आधी व्यवहार लिहून काढतो: पैसे कधी घेतो, वर्गणीचं आपोआप नूतनीकरण होतं का, रद्द कशी करायची, सेवा बंद पडली तर काय, खातं कोणत्या कारणाने बंद करू. कलमं त्यातूनच निघतात. भाषा सोपी ठेवा. संदिग्ध वाक्याचा अर्थ सहसा ते लिहिणाऱ्याच्या विरोधात लावला जातो.

'आम्ही शर्ती कधीही बदलू शकतो' एवढंच लिहून थांबू नका. झॅपॉस या ऑनलाइन बूट विकणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या २०१२ च्या प्रकरणात अशा एकतर्फी अधिकारामुळेही लवादाचं कलम (वाद न्यायालयाऐवजी लवादाकडे सोडवण्याचं) टिकलं नाही. बदलाची आगाऊ सूचना ईमेलने द्या आणि तो कधीपासून लागू होईल ते लिहा.

गोपनीयता धोरण वेगळंच ठेवा. दायित्वमर्यादा (नुकसान झालं तर तुमची जबाबदारी किती) आणि वादाचं न्यायक्षेत्र (वाद कुठल्या न्यायालयात चालेल) ही दोन कलमं मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय टाकू नका. ग्राहक संरक्षणाचे कायदे देशागणिक बदलतात आणि तुम्ही काहीही लिहिलंत तरी त्यांनी ग्राहकाला दिलेले हक्क सहसा काढून घेता येत नाहीत.